साठ पायऱ्यांचं जहाज

२ फेब्रुवारी
फेऱ्या : ११२

ही वही कामावरची. निवृत्त झालो त्या दिवशी सहा कोऱ्या वह्या घरी आणल्या होत्या, त्यातली ही शेवटची. प्रत्येक पानावर वरच्या कोपऱ्यात 'फेऱ्या' असा रकाना छापलेला आहे. तो रिकामा ठेवायला माझा हात धजत नाही, म्हणून आमच्याच इमारतीच्या लिफ्टचा आकडा लिहितो. आठव्या मजल्याच्या वर लिफ्टची खोली आहे, तिथल्या काउंटरवर दिवसभरात लिफ्ट किती वेळा वरखाली झाली ते कळतं. रोज संध्याकाळी जाऊन बघून येतो. कुणी सांगितलेलं नाही. छत्तीस वर्षं लिफ्ट दुरुस्त केल्यावर माणसाला दुसरं काही सुचत नाही, एवढंच.

आज घरात महायुद्ध झालं. आमच्या संसाराला चाळीस वर्षं झाली म्हणून लेक आम्हाला जहाजाची सफर भेट देणार आहे. मे महिन्यात निघायचं. तिने दोन जहाजांची माहितीपुस्तकं पाठवली आणि म्हणाली, तुमचं तुम्ही ठरवा. इथेच तिचं चुकलं. आम्ही दोघांनी मिळून आजवर पडद्याचा रंगसुद्धा ठरवलेला नाही.

मोठं जहाज अठरा मजल्यांचं, नवंकोरं. बावीस लिफ्ट! मी दोनदा मोजल्या. दुसरं पाच मजल्यांचं, पंचेचाळीस वर्षांचं म्हातारं. लिफ्ट एकच, तीही सामानाची. माणसांनी जिने चढायचे. मी ते पुस्तक तिथेच मिटलं.

हिने ते पुन्हा उघडलं. "मला हे हवं."

"अगं, तुझा पाय!"

"पाय माझाच आहे ना? मग मी बघते त्याचं."

आमची ही नकाशांच्या कचेरीत होती, एकतीस वर्षं. मोजणीवाले आकडे आणून द्यायचे आणि ही शाईने किनाऱ्याच्या रेषा काढायची. छोटं जहाज एका अरुंद खाडीत आत शेवटपर्यंत जातं. मोठं तोंडाशीच थांबतं, आत मावत नाही. "ती खाडी मी काढलीय," ही म्हणाली. "डाव्या काठाला सतरा वळणं आहेत. एकतीस वर्षांत मी एकही किनारा डोळ्यांनी बघितला नाही हो."

मी म्हटलं, आपण चांगली दुर्बीण घेऊ. त्यावर तिने माझ्याकडे असं बघितलं की मी गुपचूप काउंटर बघायला निघून गेलो.

५ फेब्रुवारी
फेऱ्या : ११०

लेकीचा फोन आला. ती माझ्या बाजूने आहे. "आई, बाबांचं बरोबर आहे. पुन्हा पडलीस तर?" हिने फोन माझ्या हातात दिला आणि झाडांना पाणी घालायला गेली. झाडांना सकाळीच पाणी घातलं होतं.

लिहून टाकतो, म्हणजे डोक्यातून जाईल. गेल्या जूनमध्ये मी लिफ्ट बंद ठेवली होती, दोराला ग्रीस करायला. खाली स्वतःच्या हाताने पाटी लावली : लिफ्ट बंद आहे. मग वर बसल्या बसल्या मला चहाची लहर आली. घरी फोन केला आणि म्हटलं, थर्मास घेऊन ये. आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो. ती जिन्याने निघाली आणि चौथ्याच्या वळणावर पडली. डावा पाय दोन ठिकाणी मोडला. थर्मास फुटल्याचा आवाज मला वर ऐकू आला होता. मला वाटलं, कुणाच्या तरी घरी काचेचं भांडं पडलं असेल. मी आणखी दहा मिनिटं ग्रीस लावत बसलो.

डॉक्टर म्हणतात पाय बरा झालाय, चाला, फिरा. डॉक्टरांचं काय जातं म्हणायला? तेव्हापासून मी तिला एक पायरी चढू दिलेली नाही. बावीस लिफ्टवालं जहाज, विषय संपला.

९ फेब्रुवारी
फेऱ्या : १०८

इमारतीतली पोरं शेफारलीत. जिन्याच्या भिंतीवर रेघा मारतात. आमच्या मजल्यापासून वर अर्ध्या जिन्यापर्यंत ओळीने छोट्या छोट्या रेघा, प्रत्येकीपुढे तारीख. खडू साधा नाही, निळसर आणि बारीक टोकाचा. अक्षर मात्र देखणं आहे, नाव ठेवायला जागा नाही. ओल्या फडक्याने सगळं पुसून काढलं.

हिने नवीन खूळ काढलंय. सकाळी मी वाचनालयात गेलो की ही सहाव्या मजल्यावरच्या शिवणवाल्या वहिनींकडे जाऊन बसते. दोन तास! एवढं काय शिवून घेते देव जाणे. घरात नवा कपडा तर एकही दिसत नाही.

"लिफ्टनेच जातेस ना?" विचारलं.

"तुमची लिफ्ट काय मला खाणार आहे?" म्हणाली. म्हटलं, ठीक आहे.

१४ फेब्रुवारी
फेऱ्या : १०१

रेघा परत आल्या. आता चौथ्याच्या वर. लिफ्टच्या दाराच्या काचेतून दिसल्या, तेव्हा लिफ्ट थांबवून पुसल्या. पोरांनी माझ्याशी पैज लावलेली दिसते.

हिचा पाय दुखतोय. संध्याकाळी गरम पाण्याची पिशवी मागितली. मी म्हटलं, बघ, नुसतं बसून एवढा दुखतो, आणि म्हणे जहाजाचे जिने! तिने पिशवी पायावर नीट ओढून घेतली. जेवली मात्र दोन माणसांचं. हल्ली अंथरुणाला पाठ लागली की घोरायला लागते, आणि सकाळी गुणगुणत उठते. आराम मानवलेला दिसतो. मी घेत असलेल्या काळजीला यश येतंय म्हणायचं.

आकडा का उतरतोय ते कळत नाही.

१९ फेब्रुवारी
फेऱ्या : ९४

आज जहाजाच्या कचेरीत एकटाच जाऊन आलो. हिला सांगितलं, चष्मा दुरुस्त करायचाय.

कचेरी दुसऱ्या मजल्यावर आणि लिफ्ट बंद. पाटीही नीट लावलेली नव्हती, नुसता कागद चिकटवलेला. दोन जिने चढून गेलो तर छातीचा भाता झाला, डोळ्यांपुढे काजवे. तिकिटं देणाऱ्या मुलीने खुर्ची दिली, पाणी दिलं. सकाळचा नाश्ता जरा जड झाला होता.

तिने मोठ्या जहाजाबद्दल छान समजावलं. मग म्हणाली, "काका, छोट्याचा विचार असेल तर घाई करा. त्याचा हा शेवटचा हंगाम. पावसाळ्यानंतर ते भंगारात जाणार." आणि माझ्यापुढे एक कागद सरकवला. छोट्या जहाजावर जायचं तर प्रत्येक प्रवाशाबद्दल लिहून द्यावं लागतं : कुणाच्या मदतीशिवाय सलग साठ पायऱ्या चढता येतात का? पुस्तकाच्या शेवटच्या पानावर हे छापलेलंही आहे म्हणे. मी तिथपर्यंत वाचलंच नव्हतं.

म्हटलं, चला, बरंच झालं. घरी दाखवायला पुरावा मिळाला. कागद भरला. माझ्या नावापुढे 'हो'. तिच्या नावापुढे 'नाही'. मग मोठ्या जहाजावर जागा धरून ठेवायला सांगितली. अठ्ठावीस तारखेपर्यंत पक्की करायची.

चांगलं काम केलं. तरी येताना बसमध्ये अस्वस्थ वाटत होतं. नाश्त्यामुळेच असणार.

२३ फेब्रुवारी
फेऱ्या : ८८

कागद सापडला तिला. कोटाच्या खिशात ठेवला होता आणि ही कोट धुवायला काढणार हे मला सुचलं नाही. कामावर दोराचा एक तुटका धागा मला अंधारात सापडायचा, आणि घरात असा आंधळा.

कडाडून भांडली असती तर बरं झालं असतं. नुसती कागद धरून उभी राहिली. 'नाही' या शब्दावरून बोट फिरवलं, नकाशावरून फिरवायची तसं.

"हे अक्षर तुमचं आहे," म्हणाली.

मी म्हटलं, अगं, तुझ्याच भल्यासाठी.

"जागा पक्की कधी करायचीय?"

"अठ्ठावीस."

"बरं," म्हणाली आणि कोट पिळायला गेली. असा पिळला की शिवण उसवली.

ऐकलं म्हणायचं एकदाचं. सुटलो. पण जिंकल्यासारखं वाटत नाही. चाळीस वर्षांत तिने माझ्याकडे कधी काही मागितलं नाही. हे एकच मागितलं होतं.

२४ फेब्रुवारी
फेऱ्या : ७९

काहीतरी भयंकर बिघडलंय! तीन आठवड्यांत तेहेतीस फेऱ्या कमी, आणि माणसं तीच. पाचव्या मजल्यावरचे दाताचे डॉक्टर दारात भेटले. म्हणाले, "हल्ली आम्ही जिन्यानेच जातो." आणि हसले. दाताचा डॉक्टर उगाच दात काढत नाही. लोकांना लिफ्टची भीती वाटतेय आणि मला तोंडावर सांगत नाहीत. कुठे हिसका बसत असेल, कुठे ब्रेक उशिरा लागत असेल. मला कसं कळलं नाही? मी म्हातारा झालो की काय?

२६ फेब्रुवारी
फेऱ्या : ७४

ठरलं. उद्या लिफ्ट बंद ठेवून सगळी तपासणार. जूननंतर पहिल्यांदाच. पाटी काढली, पुसली. दोनदा परत ठेवून दिली, खोटं कशाला लिहू?

हिला बजावून सांगितलं, उद्या दहा ते बारा घराबाहेर पाऊल टाकायचं नाही. वहिनींकडे नाही, कुठेच नाही. चहाबिहाचं मी बघेन.

"मी कुठे जातेय?" म्हणाली, आणि हसली. चार दिवसांनी हसली, म्हणून बरं वाटलं. कशाला हसली ते काही कळलं नाही.

२७ फेब्रुवारी
फेऱ्या : लिहायच्या राहिल्या

सावकाश लिहितो, एकही गोष्ट सुटायला नको.

सकाळी हिला खुर्चीत बसवलं, पाय स्टुलावर ठेवला, मासिक हातात दिलं. मग लिफ्टने वर गेलो आणि लिफ्ट बंद केली. दोर बघितला, एकही धागा तुटलेला नाही. ब्रेक बघितला, नव्यासारखा. मोटार थंड. दोन-अडीच तास सगळं उलटंपालटं केलं. काही म्हणजे काही सापडेना. उलट एवढी ठणठणीत लिफ्ट मी नोकरीतसुद्धा बघितली नव्हती. मी अवजारांच्या पेटीवर डोकं धरून बसलो.

तेवढ्यात जिन्यात पावलं वाजली. एक पाऊल, मग दुसरं, एका लयीत. मागून बायकांचे आवाज. भिंतीवर खडू ओढल्याचा आवाज. म्हटलं, सापडले रेघा मारणारे! उठून दार उघडलं.

दारात ही उभी. कपाळावर घाम, गाल लालबुंद. एका हातात थर्मास, दुसऱ्या हातात निळा खडू, शिवणाचा, कापडावर खुणा करतात तो. मागे शिवणवाल्या वहिनी, त्यांच्याकडची दोन गिऱ्हाइकं आणि दाताच्या डॉक्टरांची बायको.

"चहा," ही म्हणाली. "जूनमधला राहिला होता."

मी आधी तिच्या पायाकडे बघितलं. मग थर्मासकडे. मग मला रडू कोसळलं. हो, चार बायकांसमोर. वहिनी शहाण्या, त्या सगळ्यांना घेऊन खाली उतरल्या.

ही माझ्याशेजारी पेटीवर बसली. मी म्हटलं, मी ऐकलं होतं गं. थर्मास फुटला तेव्हा ऐकलं होतं आणि उठलो नाही. आठ महिने हे मी तिला सांगितलं नव्हतं.

"मला माहीत आहे," ती म्हणाली. "झोपेत बडबडता तुम्ही." चहा ओतून दिला. "पण त्याचं ओझं माझ्या पायावर का टाकता? आठ महिने माझ्याकडे असे बघताय, जशी काही मी दोर झिजलेली लिफ्ट आहे. बंदच करून ठेवलीत. पाटी लावायची तेवढी बाकी होती."

मी अर्धा चहा प्यायलो आणि उरलेला तिला दिला. मग तिने सगळं सांगितलं. पुस्तकाचं शेवटचं पान तिने पहिल्याच दिवशी वाचलं होतं. आपल्या दारापासून वहिनींच्या दारापर्यंत तीन जिने, वीस-वीस पायऱ्यांचे. बरोबर साठ. पहिल्या दिवशी नऊ चढली आणि रडत खाली बसली. वहिनींनी खडू दिला, म्हणाल्या, जिथवर जाल तिथे खूण करा. तिची मेहनत बघून बाकीच्याही यायला लागल्या, डॉक्टरसुद्धा. लिफ्ट कुणी घेईना. कमी झालेल्या फेऱ्या गेल्या कुठे ते मला आत्ता कळलं.

"आणि माझ्या खुणा रोज पुसत कोण होतं?" तिने विचारलं.

"मला वाटलं पोरं."

"माझं अक्षर ओळखलं नाहीत? चाळीस वर्षं झाली."

देखणं आहे, एवढं मी वहीत लिहिलं होतं. पण ते तिला दाखवायची हिंमत झाली नाही.

लिफ्ट सुरू केली. दार उघडून मी सवयीने बाजूला उभा राहिलो. ती जिन्याकडे वळली. "चला, तुम्हीही." उतरताना मजेत उतरलो. तिसऱ्यावर आल्यावर म्हणाली, "आता सहाव्यापर्यंत. साठ. कागदावर 'हो' लिहिलंय ना तुम्ही?"

त्यात काय, म्हटलं. चौथा आला, माझी बडबड थांबली. पाचवा आला, कठडा धरला. त्याच्या पुढे आणखी दोन पायऱ्या चढलो आणि बसकण मारली. बेचाळीस. ही माझ्यापुढे उभी, श्वाससुद्धा फुललेला नाही.

"नाश्ता जड झाला," मी म्हटलं.

"आज नाश्ता केलाच कुठे तुम्ही?" आणि ती हसायला लागली. वाकून, पोट धरून हसत राहिली. पडल्यापासून ती अशी हसली नव्हती. छत्तीस वर्षं लोकांना वर पोचवलं आणि स्वतः कधी जिना चढलो नाही, हे माझ्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. तिने माझ्या कानाशेजारी भिंतीवर एक रेघ मारली आणि आजची तारीख घातली.

२८ फेब्रुवारी
फेऱ्या : ७२

दोघं कचेरीत गेलो. जिन्याने. मध्ये दोनदा थांबलो, दोन्ही वेळा माझ्यामुळे.

नवा कागद हिने भरला. स्वतःच्या नावापुढे 'हो', ठसठशीत. माझ्या नावापाशी पेन थांबलं.

"यांचं काय लिहू?" तिकिटांच्या मुलीला विचारलं.

मुलगी एकदा माझ्याकडे, एकदा हिच्याकडे बघत राहिली. "सफर मेमध्ये आहे," म्हणाली.

"मग होईल तयारी," ही म्हणाली आणि 'हो' लिहिलं. कंसात 'हमी माझी' असं लिहून खाली सही ठोकली. अशी सही चालते की नाही माहीत नाही, मुलीने शिक्का मारला खरा.

एकच खोली उरली होती. सगळ्यात खालचा मजला, सामानाच्या लिफ्टच्या भिंतीला लागून. मुलगी म्हणाली, आवाज येतो म्हणून कुणी घेत नाही. मी म्हटलं, द्या, द्या, आधी ती द्या! दोघी माझ्याकडे बघून हसल्या.

लेकीला फोन केला. ती आधी रागावली, मग तिने सगळं ऐकून घेतलं. शेवटी म्हणाली, "आईचं ठीक आहे हो. बाबा, तुम्ही चढाल ना?"

४ मार्च
फेऱ्या : ७०. पायऱ्या : ४६

पोटऱ्या दगड झाल्यात. गरम पाण्याची पिशवी आता माझ्याकडे असते.

१९ मार्च
फेऱ्या : ६८. पायऱ्या : ५७

तीन राहिल्या. वहिनी दारात पाण्याचा पेला घेऊन उभ्या होत्या, दिसत होत्या, पण पाय उचलेना. चिडून परत आलो. ही म्हणाली, "मी नऊवर रडले होते." मग बरं वाटलं.

२५ मार्च
पायऱ्या : ६०

साठ!!! दाताच्या डॉक्टरांनी टाळ्या वाजवल्या. काउंटर बघायला जायचं विसरलो.

११ मे
जहाजावर

सकाळी सातला भिंतीपलीकडची लिफ्ट किंचाळून थांबली. मी पडल्या पडल्या ओळखलं, ब्रेकचा पट्टा गेलाय. बाहेर आलो तर जहाजाचा कारागीर पेटी उघडून बसलेला, जाळीचं दार अर्धं उघडं, आत जुनी पितळी मूठ. अशा लिफ्टवर मी काम शिकलो. हात शिवशिवायला लागले. मी गुडघा टेकून वाकलोही.

"अहो," मागून ही म्हणाली. पायात बूट, डोक्याला रुमाल. "खाडी आली."

मी कारागिराला म्हटलं, ब्रेकचा पट्टा बघा, बाकी मी जेवण झाल्यावर येतो. आणि उठलो. मोडक्या लिफ्टकडे पाठ करून निघालो, असं आयुष्यात पहिल्यांदाच झालं असेल. वर जाईपर्यंत एकदाही थांबलो नाही, आणि मला वाटतं तीही थांबली नाही. मोजलं कुणीच नाही.

दोन्ही बाजूंना काळे कडे, इतके जवळ की हात लावावासा वाटत होता. ही डाव्या कठड्याशी उभी राहिली आणि हवेत बोट फिरवायला लागली. एक. दोन. प्रत्येक वळण तिला आधीच माहीत होतं. जहाज वळायच्या आधी तिचं बोट वळायचं. मी खाडीकडे कमी आणि तिच्याकडे जास्त बघत होतो. पंधरा. सोळा. सतरा. तिने बोट खाली घेतलं, डोळे पुसले. मी तिच्या खांद्यावर हात ठेवला.

जहाज मात्र थांबलं नाही. एका सुळक्याला वळसा घालून आणखी आत शिरलं. तिथे किनारा पुन्हा आत वळलेला, आणि वळणात छोटासा पांढरा वाळूचा पट्टा.

"अहो!" ती ओरडली. दहा-बारा माणसांनी वळून बघितलं. "अठरा आहेत! मोजणीवाल्यांना सुळक्यामागचं दिसलंच नाही! इतकी वर्षं नकाशा चुकीचा होता!" स्वतःच्या कामातली चूक सापडल्यावर एवढं खूश झालेलं माणूस मी बघितलं नव्हतं. "पेन्सिल द्या. आणि ती वही द्या. लवकर, जहाज फिरेल!"

वही दिली. पानाचा खालचा अर्धा भाग तिचा आहे.